घोडा नसलेली बंदूक

आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एक जुनी बंदूक होती. शेत भद्रावतीहून मोहर्लीकडे जाताना, जंगलाच्या कडेला. तिथे रानडुकरं ठरलेलीच. आजोबांनी ती शेतासाठी घेतली, बाबांनी नुसती सांभाळली. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, पावती जपायची, निकालानंतर घरी आणायची. बाबा थकले तेव्हा परवाना परत करायचं ठरलं. त्याआधी ती आहे तरी काय हे कळावं म्हणून आम्ही दोघं ती घेऊन चंद्रपूरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी चापामागचा लोखंडी दांडा हापशीसारखा खाली ओढला आणि म्हणाले, "ही मार्टिनी होय जी, काकाजी."

या बंदुकीला बाहेर घोडाच नाही. दांडा खाली ओढला की आतला पोलादी ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, रिकामं काडतूस मागे फेकलं जातं. नवं काडतूस सरकवून दांडा वर घेतला की नळीचं तोंड बंद. ठोकळ्याच्या पोटातली स्प्रिंगही तेवढ्यात दाबली गेलेली असते. ती दाबलेली आहे की नाही, हे उजव्या बाजूचा लहानसा काटा सांगतो. मिस्त्रींनी मागची एक आडवी खीळ ठोकून काढली आणि सगळा ठोकळा अलगद त्यांच्या तळहातावर आला. दीडशे वर्षांपूर्वीची ही सुटसुटीत रचना मला आजही थक्क करते.

खाली झुकणारा ठोकळा मूळचा अमेरिकेतल्या पीबॉडीचा. त्याचा बाहेरचा घोडा काढून स्प्रिंग पोटात घातली ती स्वित्झर्लंडच्या मार्टिनीने. नळीतले सात पीळ एडिंबरोच्या हेन्रीचे. ब्रिटिश फौजेने ही मार्टिनी-हेन्री 1871 मध्ये घेतली. सिनेमात दिसणारी विंचेस्टरही दांड्यावरचीच, पण तिच्यात नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला मागच्या गोळीचं नाक टेकतं, म्हणून तिथे टोकदार गोळी धोक्याची. जॉन ब्राउनिंगने 1895 च्या नमुन्यात काडतुसांची पेटी खाली बसवून ही अडचण सोडवली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले तेव्हा ही रायफलही त्यांच्याकडे होती. आमच्या भागात मात्र मी विंचेस्टर कधी पाहिली नाही.

आमच्या बंदुकीच्या नळीतले पीळ खरवडून नळी गुळगुळीत केलेली निघाली. म्हणजे गोळीऐवजी छर्रे. त्यात नवल नाही. 1857 नंतर सरकार देशी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देई; खासगी हातांची तर धास्तीच. फौजी मार्टिनीत चालतील अशी काडतुसं बाजारात नकोत म्हणून 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात 450 बोअरच्या रायफलींवर बंदी आली. मग विलायती कारागिरांनी 465, 470 अशी नवी मापं काढली. साहेबांची शिकार थांबली नाही! शिकारीला लगाम घातला तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने.

घरात अशी बंदूक असेल तर जमा करण्यापूर्वी तिच्यावरचे शिक्के, साल आणि क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. ती चालवून पाहू नका. आणि जुनी आहे म्हणून परवाना लागत नाही, असं समजू नका. दुरुस्त करूनही चालणार नाही इतकी निकामी असेल तरच कायद्यात सूट आहे.