दोनला सुटलेला माणूस

ठाणे,
सोमवार, २० ऑक्टोबर २०२५

वहिनी,


तेराव्याला पंगती उठल्यावर तुम्ही विचारलंत, "भावजी, दोनला सुटणाऱ्या माणसाला घरी यायला पाच का वाजायचे, ते आता तरी सांगा." घर माणसांनी भरलेलं होतं. "लोकल, वहिनी, दुसरं काय," असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं लिहून कळवतो, कारण समोर बसून सांगायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठाल आणि विषय राहून जाईल.

आज नरक चतुर्दशी. यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही, पण डोंबिवलीत फडके रोडवर सकाळी नेहमीची झुंबड उडालीच असेल. त्या गर्दीत तो तुमच्याबरोबर किती वेळा होता, हे तुम्हीच जाणता. सणाच्या वॉचला, म्हणजे पाळीला, त्याचं नाव ठरलेलं. "माझं घर लांब, जाऊन येण्यातच सण संपणार, जवळ राहणाऱ्यांनी घरी जावं," असं उफराटं तर्कशास्त्र तो लढवायचा आणि बिनदिक्कत नाइट घ्यायचा. वीस ऑक्टोबर हा आमच्या धंद्याचाही दिवस. १९६१ साली याच तारखेला एअर ट्रॅफिक कंट्रोलरांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, म्हणून हा आंतरराष्ट्रीय एटीसी दिवस. त्या दिवशी पेढे वाटायचे असतात म्हणून त्याला तारीख पाठ होती, बाकी त्या दिवसाचं कौतुक त्याला शून्य.

परवा कुणी पाहुणे त्याला "आकाशातला ट्रॅफिक हवालदार" म्हणाले. तो असता तर तिथल्या तिथे भांडला असता. हवालदार हात दाखवून गाडी थांबवतो. उडतं विमान थांबवता येत नाही. वळवता येतं, खाली-वर करता येतं, वेग कमी करायला सांगता येतो, फार झालं तर एका जागी घिरट्या घालायला लावता येतं. आणि त्या सगळ्या वेळात त्याचं इंधन जळत असतं. डोंबिवलीच्या डब्यात लोक त्याला दोनच प्रश्न विचारायचे. तिकीट फुकट मिळतं का, आणि विमानापुढे त्या चमकत्या दांड्या हलवणारे ते तुम्हीच का. दोन्हींचं उत्तर नाही. टॉवरच्या काचेमागे बसणारे आमच्यातले थोडेच. बाकीचे खिडकी नसलेल्या खोलीत पडद्यापुढे बसतात. त्यांना विमान दिसत नाही. दिसतो एक ठिपका, त्याच्या शेजारी नाव, उंची, वेग.

१९८४ साली आम्ही अलाहाबादला, बमरौलीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये भेटलो. तेव्हा खातं नागरी विमान वाहतुकीचं. मग १९८६ला नॅशनल एअरपोर्ट्स ऑथॉरिटी, १९९५च्या एक एप्रिलला एअरपोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ इंडिया. पाट्या बदलल्या, खुर्ची तीच राहिली. आमच्या उमेदीत लांब पल्ल्याच्या विमानांचं बरंचसं काम रडारशिवाय चाले. अरबी समुद्रावरून येणारा वैमानिक एचएफ रेडिओच्या खरखरीत आपली जागा, वेळ, उंची सांगायचा. ती आम्ही कागदी स्ट्रिपवर लिहायची, आणि या पट्ट्यांच्या चळतीवरून कोण कुणाच्या वाटेत येणार हे डोक्यात मांडायचं. या मांडणीला आम्ही 'पिक्चर' म्हणतो. ते एकदा सुटलं की समोर नुसते कागद उरतात.

आता तुमच्या पाचचं. वॉच बदलताना नवीन माणूस खुर्चीमागे येऊन उभा राहतो. बसलेला त्याला सगळं सांगतो: कोण किती उंचीवर, कुणाला काय कबूल केलंय, कुठे ढग आहेत, कोण चिडलाय. मग खुर्ची बदलते. याला आमच्यात टेकओव्हर म्हणतात. घाईच्या दिवशी हे दोन मिनिटांत उरकता येतं आणि बरेच जण उरकतात. तो कधीच उरकत नसे. सगळं सांगून झालं की समोरच्याला उलट विचारायचा, "आता तू मला सांग." नवीन माणसाच्या तोंडून चित्र बरोबर आलं तरच हेडसेट काढायचा. त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं मागे उभा. झोपलेलं तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात दिल्यावर आईचे हात क्षणभर तसेच पुढे राहतात ना, तसा. तोवर त्याची गाडी गेलेली असायची. पुढची गर्दीची, म्हणून तीही सोडायची. मग एखादं शिकाऊ पोर त्याला कँटीनमध्ये गाठायचं, आणि तुमच्याकडे पाच वाजायचे.

हा स्वभाव त्याच्यात आधीपासून होता, पण १२ नोव्हेंबर १९९६नंतर तो फार कडक झाला. त्या संध्याकाळी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. ३४९ माणसं गेली. सौदीला चौदा हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, कझाकला पंधरा हजारांवर. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं. न्यायमूर्ती लाहोटी आयोगानं दोष दिल्लीच्या कंट्रोलरला दिला नाही. पण आमच्यापैकी कुणालाही त्या रात्री त्या कंट्रोलरच्या जागी स्वतःला पाहिल्यावाचून झोप आली नाही. त्यानंतर समोरचा वैमानिक इंग्रजीत जरा अडखळला की हा त्याच्याकडून उंची पुन्हा वदवून घ्यायचा. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा. त्यात सेकंद जातात. नवी पोरं त्याला मागे 'रिपीट अंकल' म्हणत. त्याला ठाऊक होतं, आणि चालतही होतं.

तुमच्या फ्रिजवर आकड्यांचा एक तक्ता महिनोन् महिने चिकटवलेला होता, आठवतो? पोळ्या लाटताना तो तुम्हाला फ्रिजचं दार उघडू द्यायचा नाही, म्हणून तुम्ही माझ्याकडे तक्रार केली होती. एकोणतीस हजार फुटांच्या वर दोन विमानांत दोन हजार फुटांचं अंतर ठेवायची पद्धत होती. २७ नोव्हेंबर २००३पासून ते आपल्याकडे एक हजारावर आलं. म्हणजे आकाशात मजले वाढले, आणि कोणत्या दिशेला कोणता मजला हे सगळं नव्यानं अंगवळणी पाडायचं. इतक्या वर्षांची सवय मोडून नवी लावायला त्याला तुमचं स्वयंपाकघर लागलं. मला ऑफिसातला नोटीस बोर्ड पुरला, आणि म्हणूनच तो माझ्यापेक्षा सरस कंट्रोलर होता.

२६ जुलै २००५चं मात्र तुम्हाला अर्धवटच कळलं असेल. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुम्ही मुलींना घेऊन अंधारात, फोन बंद, आणि हा आला तो केव्हातरी, चिखलाच्या पँटमध्ये. विमानतळ तर बंद होता, मग हे तिथे करत काय होते, असं तुम्ही नंतर म्हणालात. वहिनी, धावपट्टी बंद होते, आकाश बंद होत नाही. आखातातून पूर्वेकडे जाणारी बरीच विमानं मुंबईच्या हद्दीतून जातात. त्यांना खाली पाणी साचलंय याच्याशी काय घेणं! बदली माणसं जागोजागी अडकलेली. जे खोलीत होते तेच आळीपाळीनं टेबलावर डोकं टेकून झोपले आणि बसले. खुर्ची द्यायला बाहेरून कुणी येणार नव्हतं, म्हणून तो तिथून निघाला नाही.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. तरी २०१८ साली एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. म्हणजे दीड मिनिटाच्या आत एक, तेही रात्रीचे रिकामे तास धरून. त्या वर्षी त्याच्या हाताखाली शिकाऊ मुलं असायची. शिकाऊ बोलतो ते शिकवणाऱ्याच्या जबाबदारीवर. चूक होतेय असं वाटलं की शिकवणारा माईक हिसकावून घेतो. आम्ही सगळे हिसकावायचो. हा शक्य तितकं थांबायचा. मुलगा स्वतः सावरतोय का ते पाहायचा, आणि अगदी कडेला आल्यावर शांतपणे एकच वाक्य बोलायचा. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून गळ्याच्या शिरा ताणून भांडणारा हाच माणूस! कँटीनच्या चहाचे पैसे काढतानाही त्याचा हात खिशात फार वेळ राहायचा, हेही लिहून ठेवतो; उगाच देव करायला नको.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला इंडोनेशियात पालू इथे भूकंप झाला. अँथोनियस गुनावान अगुंग नावाचा २१ वर्षांचा कंट्रोलर टॉवर हलत असताना जागेवरून उठला नाही, कारण बाटिक एअरचं विमान धावपट्टीवर होतं. ते उडाल्यावर त्यानं चौथ्या मजल्यावरून उडी मारली, आणि पुढे तो गेला. आमच्याकडे सगळे त्याच्या शौर्याबद्दल बोलत होते. हा एवढंच म्हणाला, "टेकऑफचा क्लिअरन्स त्यानं दिला होता. मध्येच उठणार कसा?" मला त्याच्याविषयी सांगायचं ते सगळं यात आलं.

८ ऑक्टोबरला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. सगळ्यांनी कमळाच्या आकाराचं टर्मिनल पाहिलं. हा असता तर मला रात्री अकराला फोन करून विचारलं असतं की इतक्या जवळच्या दोन विमानतळांची येणारी-जाणारी वाट कुणी कशी वेगळी काढली आहे. उत्तर देता देता मला झोप लागली असती.

आता कामाचं. त्याच्या कपाटात खालच्या कप्प्यात वह्या असतील. त्यात विमानांची गुपितं काही नाहीत; वॉचवर कुठे अडलं, कुणाला काय ऐकू आलं, दुसऱ्या दिवशी काय वेगळं करायचं, असं त्यानं स्वतःसाठी लिहिलेलं आहे. अक्षर वाईट आहे, पण मला लागतं. रद्दीवाल्याला देऊ नका. धाकटीला आधी वाचायच्या असतील तर तिच्याकडे राहू द्या, नाहीतर मी त्यातलं निवडून नव्या मुलांसाठी नीट लिहून काढतो. तुमचं नाव लावायचे ऑफिसचे कागदही मी भरून ठेवले आहेत, फक्त सह्या हव्यात.

भाऊबीज झाली की शनिवारी येतो. जेवायला थांबेन.

तुमचा,
भावजी