चंदीगड : रेखीव नगर, हरवलेले घर

वाचकहो, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगडला आपण गेलात, तर प्रथम मनात भरेल ती तेथील रेखीवता. १९४७ च्या फाळणीत लाहोर सीमेपलीकडे गेले आणि भारतातील पंजाबला स्वतःची नवी राजधानी उभारणे भाग पडले. ल कोर्बुझिए या जगद्विख्यात वास्तुशिल्पज्ञाने १९५१ साली नगराचा आराखडा आखला व ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब असा एकेक सेक्टर. त्यात शाळा, बाजार व बाग. पत्ता म्हणजे दोन आकडे, एक सेक्टरचा व एक घराचा. येथे वाट चुकणे कठीण, असेच कोणासही वाटावे.

परंतु अशाच एखाद्या घराच्या फाटकाशी, जेथे उभे आयुष्य काढले तेथे, वृद्ध वडील "मला घरी जायचे आहे" असा धोशा लावून बसले, तर मुलीने किंवा सुनेने काय करावे? स्मृतिभ्रंशात बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात, बालपणीच्या मागाहून. चंदीगडच्या अतिवृद्ध नागरिकांचे बालपण तर या नगराच्याही आधीचे आहे. कोणाचे आज पाकिस्तानात असलेल्या गावात गेले, कोणाचे याच नगरासाठी उठविलेल्या खेड्यात. ते मागतात ते घर जगात उरलेलेच नसते. मुंबईच्या चाळीत किंवा नागपूरच्या वाड्यात एखादी आजी तिन्हीसांजेस गाठोडे बांधून माहेरी निघते, तीही याच वाटेची प्रवासी होय.

"अहो बाबा, हेच आपले घर!" असे दहा वेळा समजावल्याने त्यांची भीती वाढते आणि आपला आवाज चढतो. त्यापेक्षा "बाबा, तुमच्या अंगणात कोणते झाड होते?" असे विचारावे, हात धरून चार पावले चालावे. घर या शब्दाआड ते निर्धास्तपणा शोधीत असतात, आणि तो आपण काही अंशी देऊ शकतो.

मात्र देणाऱ्याच्या मनाचे काय? माणूस समोर बसलेले आहे, पण आपले नाव विसरले आहे. रडावे तर ते जिवंत आहेत. न रडावे तर काहीतरी कायमचे गेले आहे. अमेरिकेतील संशोधिका पॉलीन बॉस यांनी, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना १९७० च्या दशकात अशा दुःखाला नाव दिले. आपण त्याला 'संदिग्ध वियोग' म्हणू. या दुःखाला ना तेरावा दिवस, ना सांत्वनाला येणारे आप्त. म्हणूनच कधी रागाचा झटका येतो, कधी "हे सारे आता संपावे" असा विचार मनाला चाटून जातो, आणि मागोमाग अपराधीपणा येतो. सेवा करणाऱ्या कित्येकांच्या मनात हे येते. त्यामुळे प्रेम खोटे ठरत नाही.

आता सुखना तलावाकडे चला. पावसाळी ओढ्याला बांध घालून १९५८ साली तो निर्माण झाला. पहाटे त्याच्या काठाने फिरणाऱ्यांची रीघ लागते. या तलावाचे एक दुखणे आहे: दर पावसाळ्यात टेकड्यांवरून माती वाहून येते व तळ उथळ होत जातो. १९८८ पासून नागरिकांनीही श्रमदानाने गाळ उपसण्यास हातभार लावला. सेवा करणाऱ्याच्या मनातही शीण असाच थराथराने साचतो. तो उपसण्यास एकट्याचे हात अपुरे पडतात. यास्तव घरातील भावंडांनी दिवस वाटून घ्यावेत. दूर राहणाऱ्याने केवळ फोनवरून उपदेश न करता महिन्यातील काही दिवस येऊन राहावे. आणि सेवा करणाऱ्याने रोज तासभर बाहेर पडावे, तेही मनाला न खाता.

वैद्यकीय मदतीस संकोच नसावा. विसराळूपणाचे कारण कधी थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नता असते, व त्यावर उपचार होतात. म्हणून "वयच झाले" असे म्हणून थांबू नये. चंदीगडमध्ये १९६२ साली स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, म्हणजेच 'पीजीआय', आहे. आपल्या गावी जिल्हा रुग्णालयापासून आरंभ करता येईल. मनावरचा भार असह्य झाला, तर २०२२ साली सुरू झालेल्या शासकीय 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा हे दुःख आपल्याच उंबरठ्याआतले मानून लपविण्याचे कारण नाही.

तलावाच्या जवळच रॉक गार्डन आहे. नेकचंद नावाच्या सरकारी रस्ते-निरीक्षकाने उठलेल्या गावांतील फुटक्या बांगड्या, कपबशा व फरशा वर्षानुवर्षे गुपचूप वेचल्या. त्यांतून उभी राहिलेली ही बाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. तेथे फुटकी बांगडी पुन्हा बांगडी झालेली नाही. ती एखाद्या पुतळीच्या घागऱ्यात जडून बसली आहे. आपल्या माणसाचेही जे गेले ते परत आणण्याचा हट्ट सोडावा. ओव्या म्हणणारा गळा, मटार सोलणारी बोटे, केसांना तेल लावताना मिटणारे डोळे, एवढे तर अजून उरलेले असते. आजचा दिवस त्यांच्या सोबतीने काढता येतो. उद्याचे उद्या पाहावे.