पांढुर्ण्यातला वन बीएचके

गेल्या पोळ्याच्या आधी बाबांचा फोन आला. एरवी ते पाऊस, संत्र्याचा बहार आणि आईचे गुडघे याच क्रमाने बोलतात. या वेळी त्यांनी सरळ विचारलं, "तू राहतो तशा एका बेडरूमच्या घरात माणूस नीट राहू शकतो काय? खरं खरं सांगजो."

मी पुण्यात खराडीला राहतो. सॉफ्टवेअरची नोकरी, कर्ज काढून घेतलेला सातव्या मजल्यावरचा वन बीएचके. जाहिरातीत त्याला 'लक्झरी' म्हटलं होतं, कारण खाली पोहण्याचा तलाव आणि जिम आहे. तलावात मी चार वर्षांत दोनदा उतरलो. बाबांना मी म्हटलं, "पोळ्याला येतो, मग बोलू."

आमचं पांढुर्णा तुमच्यापैकी अनेकांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असेल. नागपूरहून इटारसीकडे निघालं की काटोल, नरखेड आणि मग महाराष्ट्राची हद्द ओलांडून पांढुर्णा. नागपूर शंभरेक किलोमीटर. घरात मराठी, शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, बाजारात दोन्ही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. आजोबा म्हणायचे, "आपण कुठं गेलोच नाही, राजधानी गेली."

तेव्हापासून सरकारी कामासाठी छिंदवाडा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कलेक्टर आले, एसपी आले, बदलीवर येणारी माणसं आली, आणि त्यांना भाड्याची घरं लागली. आमच्या गल्लीत वर्षभरात दोन जुनी घरं पाडली गेली. तिसऱ्या घरासाठी, म्हणजे आमच्या, एक बिल्डर बाबांना भेटून गेला. जागा ४८०० चौरस फूट. तीन मजले, आठ फ्लॅट, सगळे वन बीएचके. जागेच्या बदल्यात काही रक्कम आणि दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट. बाबांचा प्रश्न तिथून आला होता.

मी पोहोचलो तो पोळ्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी गोटमार. नागपुरात त्या दिवशी मारबत निघते, आमच्याकडे जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. नदीत पळसाचं झाड आणि झेंडा रोवलेला असतो, आणि दोन्हीकडून दगड. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. या प्रथेचं कौतुक मला करता येत नाही. पण आमचं घर नदीपासून जवळ, त्यामुळे त्या दिवशी ओसरीवर कोणी ना कोणी डोकं धरून येतंच. आई पाणी, हळद, स्वच्छ फडकं तयार ठेवते. शिवाय नागपूर, सौसर, वरूडकडचे पाहुणे असतात. त्या दुपारी मी मोजली, ओसरीवर बावीस माणसं होती.

रात्री मी बिल्डरचा नकाशा घेऊन बसलो. कागदावर लिहिलं होतं, '६०० चौरस फूट, लक्झरी'. मी आतली मापं मांडली. हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय ११, किचन ८ बाय ७, बाथरूम आणि संडास मिळून ८ बाय ५. बेरीज ३४६. आतल्या भिंती धरल्या तरी पावणेचारशेच्या वर जात नाही. उरलेले सव्वादोनशे फूट म्हणजे जिना, बाहेरच्या भिंती, गच्चीचा वाटा. पुण्यात मीही हेच शिकलो होतो. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली आणि त्यावरच विक्री करायला सांगितलं. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. आमची जागा ४४६ चौरस मीटर, फ्लॅट बरोबर आठ. म्हणजे जे काही हवं ते करारातच लिहून घ्यावं लागणार.

आमची ओसरी मी फोनच्या अ‍ॅपने मोजली. ३६०. एक अख्खा फ्लॅट आमच्या ओसरीत बसत होता. मला उत्तर मिळालं असं वाटलं. बाबांना म्हटलं, "नका देऊ. असं घर पुन्हा होणार नाही."

बाबा म्हणाले, "सही माझ्या एकट्याची नाही. सौसरला जाऊन येऊ."

आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे घरात आत्याचा वाटा बाबांइतकाच. ती सौसरला राहते. लहानपणी तिच्याकडे जायचं मुख्य आकर्षण म्हणजे नॅरोगेजची गाडी. नागपूर–छिंदवाडा मार्गावरची, अडीच फूट रुंद रुळांवरून जाणारी. सौसरहून आतेभावांबरोबर मी त्या गाडीत उगाच एक स्टेशन जाऊन परत यायचो. २०१५ मध्ये ती बंद झाली, आता तिथून ब्रॉडगेज जाते. सौसरच्या आधी जामसावळीला निजलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा ऑगस्ट २०२३ मध्ये इथेच झाली होती.

आत्या एकटीच राहते. मुलं नागपूर आणि इंदूरला. मी तिला ओसरीचं माप सांगितलं, बावीस माणसं सांगितली, सागवानी खांब सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गोटमार वर्षातून किती दिवस असते रे?"

"एक."

"मंग बाकीचे दिवस? संडास परसात. पावसात तुही माय छत्री घेऊन जाते. तू तं लिफ्टनं जातं. तिनं काहून चिखलातून जावं? तुले ओसरी पाहिजे म्हून?"

मला बोलता आलं नाही. आईचे गुडघे फोनवर मी दर आठवड्याला ऐकत होतो. मी माप घेतलं ते ओसरीचं. मागचं अंगण ओलांडायला किती पावलं लागतात हे मोजलं नव्हतं. घरी आल्यावर मोजलं. सत्तेचाळीस, आणि तीन पायऱ्या, कठड्याशिवाय.

निघताना आत्याने आपली अट सांगितली. "मले पैसे नको. बाजूचा फ्लॅट दे. मधी एक दार ठेव."

बाबा गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ती परत येतो म्हणते. चाळीस वर्षांनी."

त्यानंतर मी करार लिहायला बसलो. फ्लॅट तळमजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर नाही. एकाऐवजी दोन, शेजारी शेजारी, मधल्या भिंतीत दार. रक्कम त्यामानाने कमी चालेल. प्रत्येक खोलीचं आतलं माप आकड्यांत. बाथरूममध्ये धरायला दांडे, उंबरा नाही. आणि रस्त्याकडच्या बाजूला दहा फुटांची ओसरी, सगळ्या आठ घरांसाठी मोकळी. मसुदा हिंदीत होता, मी बाबांना आणि आत्याला तो मराठीत समजावून सांगितला, ओळ न् ओळ.

बिल्डरने तळमजला मान्य केला, मापं मान्य केली, दोन फ्लॅटही रक्कम घटवून मान्य केले. ओसरीवर अडलं आहे. त्याचं म्हणणं, त्या जागेत दोन गाड्या उभ्या राहतात आणि पार्किंगशिवाय फ्लॅट विकला जात नाही. त्याचंही खोटं नाही. बाबा दहाच्या आठ फुटांवर यायला तयार आहेत. मी नाही, पण सही माझी नाही.

बाबांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मी शेवटी दिलं. एका बेडरूमच्या घरात माणूस नीट राहू शकतो. मी राहतो. पण खराडीला माझ्या भिंतीपलीकडे कोण राहतं हे मला चार वर्षांत माहीत नाही, आणि त्या भिंतीत दार नाही.

बाबा म्हणाले, "मंग विचार ना त्याले, कोण हाय म्हून."

या पोळ्याला घर अजून उभं असेल. जमलं तर या. पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगता येत नाही.