बिलातले बेचाळीस तास

गेल्या मार्चअखेरीला जुनी बिलं चाळताना एक बिल हातात आलं आणि तिथेच अडकले. गोरेगावच्या एका जागेच्या टायटलचं काम होतं ते. तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स टूचे उतारे, प्रॉपर्टी कार्डावरच्या नोंदी, जुनी खरेदीखतं. बिलात एक ओळ होती : कागदपत्रांची तपासणी, ४२ तास, दर तासाला १,५०० रुपये. क्लायंटने ६३,००० रुपये विनातक्रार भरले होते.

ते बेचाळीस तास माझे नव्हते. माझ्याकडच्या आर्टिकल्ड क्लार्कचे होते. त्याला मी महिन्याला ५,००० रुपये देत असे. म्हणजे त्याचा वर्षभराचा स्टायपेंड त्या एका कामात वसूल होऊन वर ३,००० उरले होते. आणि तो मुलगा आर्टिकलशिप पुरी व्हायला आठ महिने असताना सोडून गेला होता.

हे लिहायलाच हवं, कारण वीस वर्षं मी याच्या नेमकं उलट सांगत आले. नव्या मुलांनी पैशाचं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे : ‘तुला इथे शिकायला मिळतंय, तीच तुझी कमाई.’ मी ते मनापासून म्हणत असे.

या विश्वासाला कारण होतं. १९७६ च्या दुरुस्तीनंतर ॲटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला, सगळे ॲडव्होकेट झाले. तरी मुंबईने सॉलिसिटरची तालीम सोडली नाही. तीन वर्षं आर्टिकलशिप करायची, मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. या तालमीचा मला अभिमान आहे. लॉ कॉलेजात कायदा कळतो, पण दस्त कसा वाचावा, कुठल्या रकान्यात घोळ असतो, हे ऑफिसात कुणाच्या तरी शेजारी बसूनच कळतं. पहिले सहा-आठ महिने क्लार्कच्या कामापेक्षा त्याच्या चुका निस्तरण्यात जास्त वेळ जातो. शिकवण्याचे तास कोणत्याही बिलात येत नाहीत. हे सगळं आजही खरं आहे.

पण मी हिशेब पहिल्या सहा महिन्यांचा सांगत होते आणि लाभ तीन वर्षांचा घेत होते. दुसऱ्या वर्षापासून तोच मुलगा ॲफिडेव्हिटचे मसुदे करतो, रजिस्ट्रीतली ऑब्जेक्शन्स काढतो, काउन्सेलच्या चेंबरमध्ये ब्रीफ पोहोचवून दोन प्रश्नांची उत्तरंही देऊन येतो. त्या कामाची फी मी घेत होते. स्टायपेंड मात्र शिकाऊ म्हणूनच देत होते.

माझा दुसरा युक्तिवाद माझ्या स्वतःच्या दिवसांचा होता. मलाही सीनियरकडे नाममात्र पैसे मिळायचे, मीही कळ काढली. पण मी दादरला आईवडिलांच्या घरी राहत होते. वडिलांची सरकारी नोकरी होती, सकाळी डबा तयार असायचा आणि माझ्या पगारावर घरात कुणाचंच काही अडत नव्हतं. तो मुलगा बदलापूरहून यायचा. वडिलांचं काम सुटलेलं, धाकटी बहीण बारावीत. लोकलचा पास आणि दुपारचं जेवण वजा जाता घरी किती नेत असेल, हे मी कधी मोजलं नाही. ‘मॅडम, घरी जमत नाही,’ एवढंच तो म्हणाला. मी म्हणाले, ‘आठ महिने कळ काढ.’ तो एका बँकेच्या वसुली विभागात लागला आणि मी चार लोकांत म्हणत राहिले की या पिढीला धीर नाही. तो माझा अन्याय होता.

आपल्या पेशात दार कुणाला उघडतं हा प्रश्न जुना आहे. १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते; मित्र नवल भथेना यांनी ते दिले. पुढे ओरिजिनल साइडला ब्रीफ सॉलिसिटरच्या हातून यायचं, आणि ती दारं त्यांच्यासाठी बंदच राहिली. एवढ्या मोठ्या माणसाची ही कथा. ज्यांना भथेना भेटले नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

सनदेच्या फीबाबत सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये वाट सरळ केली. राज्यांच्या बार कौन्सिल १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत घेत होत्या. कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत, असं परिपत्रक काढलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. सीएच्या आर्टिकलशिपला किमान स्टायपेंड नियमातच आहे, रक्कम थोडी का असेना. आपण इतरांसाठी करार लिहितो. आपल्याच मुलांचा करार मोघम ठेवतो.

ते बिल पाहिल्यावर मी चारऐवजी दोनच क्लार्क ठेवायचं ठरवलं आणि दोघांना २०,००० सुरू केले. बिलात क्लार्कचे तास आता वेगळ्या ओळीत, कमी दराने दाखवते. त्यामुळे उत्पन्न घटलं. एका जुन्या क्लायंटने मात्र ते पाहून ‘मग इतकी वर्षं काय?’ असं विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौघांच्या जागी दोघांनाच शिकवता येतं, हे मला सलतं. तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलाला, ज्याची स्वतःची फी हप्त्याहप्त्याने येते, त्याला २०,००० द्या म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण फोर्टात बसून तासाचा दर लावणाऱ्या माझ्यासारखीला ‘परवडत नाही’ हे कारण उरलेलं नाही.

त्या मुलाला फोन केला. चूक झाली म्हणाले. उरलेले महिने आता पुरे करता येतील का, असंही विचारलं. घराचा हप्ता सुरू झालाय, आता नाही जमणार, असं तो शांतपणे म्हणाला. मग थोडा थांबून त्याने विचारलं, ‘मॅडम, त्या गोरेगावच्या जागेच्या वाटणीपत्राचं पुढे काय झालं?’

नोंदणी न झालेलं ते वाटणीपत्र कुठल्याच सर्चमध्ये आलं नव्हतं. एका जुन्या गहाणखतातल्या अर्ध्या ओळीवरून त्यानेच ते हुडकून काढलं होतं. त्यामुळे आमचा खरेदीदार वाचला. मी त्याला हे सांगितलं. जेव्हा सांगायला हवं होतं, तेव्हा मी फक्त बिल पाठवलं होतं.