चौथा दात

मगर म्हणजे मगर, एवढीच आमची समजूत होती. इंग्रजीत एकीला क्रोकोडाइल म्हणतात व दुसरीला ॲलिगेटर, ही नुसती शब्दांची चैन असावी असे आम्हांला वाटे. सेमिनरीत शिकलेले थोडेफार ग्रीक आठवून पाहावे, तर पहिल्या शब्दाच्या मुळाशी सरडाच बसलेला! दुसरा शब्द स्पॅनिशमधील 'एल लागार्तो'वरून आला; तोही सरडाच.

गेल्या फेब्रुवारीत पुतण्याच्या आग्रहावरून आमचे फ्लोरिडाला जाणे झाले. त्या राज्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्सचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. त्यातील राष्ट्रीय उद्यान १९४७ सालचे. हे दोन्ही प्राणी रानात एकत्र नांदतात ते जगात केवळ दक्षिण फ्लोरिडात. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत पाणी आटते आणि उरलेल्या डबक्यांभोवती ते सहज दृष्टीस पडतात.

पुतण्याच्या आठ वर्षांच्या मुलीला आम्ही गाडीतच धडा दिला. ॲलिगेटरचे मुस्कट रुंद व पुढे गोल, क्रोकोडाइलचे निमुळते. तोंड मिटले की ॲलिगेटरचे खालचे दात वरच्या जबड्याआड झाकले जातात. क्रोकोडाइलचा खालचा चौथा दात मात्र बाहेर दिसत राहतो. पोरीने तो दात पक्का ध्यानात ठेवला. आम्हीही मनोमन सुखावलो.

ॲनहिंगा ट्रेल नावाच्या पायवाटेवर, अगदी कडेच्या गवतात, एक काळपट धूड ऊन खात पडले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारावे तसे आम्ही विचारले, "सांग पाहू, हा कोण?"

"थांबा फादर आजोबा, दात बघते," असे म्हणून ती वाकली आणि दोन पावले गवतात शिरली.

पुतण्याने तिला दंडाला धरून मागे खेचले. प्राणी हललादेखील नाही. आमचे पाय मात्र लटपटत होते. पुतण्या आम्हांला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

खरे तर दातापर्यंत जाण्याचे कारणच नव्हते. तो काळपट रंग आणि भोवतीचे गोडे पाणी पुरेसे होते. क्रोकोडाइलच्या जिभेवर अंगातील जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून खाडीचे पाणी त्याला मानवते. ॲलिगेटरला ही सोय जवळजवळ नाही. तो गोड्या पाण्यालाच धरून राहतो. थंडी मात्र तोच अधिक सोसतो. म्हणून तो उत्तरेस कॅरोलिनापर्यंत आढळतो, तर अमेरिकन क्रोकोडाइल फ्लोरिडाच्या दक्षिण भागापलीकडे सहसा जात नाही. शिकारीमुळे दोघांवरही संकट आले होते. ॲलिगेटर सावरल्याचे १९८७ साली जाहीर झाले. फ्लोरिडातील क्रोकोडाइल १९७५ च्या सुमारास काही शेकड्यांवर आले होते. २००७ साली त्यांना 'अतिसंकटग्रस्त' गटातून एक पायरी खाली आणले गेले.

दुपारी फ्लेमिंगोच्या धक्क्यावर आम्हांला क्रोकोडाइल दिसला. पलीकडच्या काठावर, राखाडी-हिरवट, निमुळत्या तोंडाचा. मुलीने तो लांबूनच ओळखला; वडिलांचा हात तिने सोडला नव्हता. तेथे या प्राण्यांना खाऊ टाकणे कायद्याने गुन्हा आहे. खाऊची चटक लागलेल्या जनावराला माणसाची भीती उरत नाही, आणि मग ते ॲलिगेटर की क्रोकोडाइल, हा प्रश्न गौण ठरतो.

परतल्यावर महाडच्या सावित्री नदीतील मगरीचे एक छायाचित्र आम्ही मुलीला पाठविले. आपल्याकडे रानात ॲलिगेटर मुळीच नाही. भारतात गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर व घडियाल या तीनच जाती. पण आपल्या या मगरीचे मुस्कट चांगलेच रुंद! चार दिवसांनी फोनवर उत्तर आले, "ॲलिगेटर!"

"चूक," आम्ही म्हणालो, "चौथा दात पाहा. फोटोतच पाहा."