तुसाची भिंत

पावसात घराची मागची भिंत ढासळली. गवंडी मिळेना, म्हणून दोन दिवस मीच तूस घातलेला चिखल तुडवतोय. तुडवताना तिसरीचा वर्ग आठवत राहिला. पोरांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं चित्र दाखवलं होतं. वाकाटक, शतकं, सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं (चूक माझीच). पण रंगाखालच्या गिलाव्यात मातीबरोबर धानाचं तूसही आहे म्हटल्यावर एक पोरगी उठली, ‘‘मंग आमच्या घरासारखंच, सर!’’ सगळी पुढे सरकून पोपडे निरखू लागली. पद्मपाणीच्या हातातल्या कमळाकडे कुणी पाहिलंच नाही. अजिंठ्यातला निळा रंग अफगाणिस्तानातल्या दगडाचा, हे सांगायचं राहूनच गेलं.

भिंत अजून ओली आहे. कोपऱ्यात कुणाची तरी पाच बोटं उमटलीत. ती मी लिंपली नाहीत.