उंबरठा काढला त्याची गोष्ट

मंडळी, घराचे फोटो पाहून पुण्याच्या भाचीने विचारलं, "मावशी, त्या जुन्या घराला एवढी मोठी सरकती काचेची दारं? हौस कोणाची?" एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

हौस कोणाचीच नव्हती. गेल्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि घरात चाकाची खुर्ची आली. तेव्हा कळलं की आपल्या घरात सात उंबरठे आहेत. पन्नास वर्षं ओलांडत होते, कधी मोजले नव्हते. खुर्ची सव्वादोन फूट रुंद, आतली दारं जेमतेम दोन फुटांची. ह्यांचा दिवस मागच्या खोलीत, पलंगावर. रोज सकाळी अंगणात जांभळाखाली बसून पेपर वाचणारा माणूस, आता मला विचारायचा, "ऊन कुठवर आलं गं?" हा प्रश्न मला सहन होईना.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. वैनगंगेपलीकडे वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. पुराच्या धास्तीने जुन्या लोकांनी जोतं समोरून तीन फूट उंच घेतलेलं. खुर्चीसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. म्हणजे छत्तीस फूट! आमचा उतार रस्ता ओलांडून समोरच्यांच्या ओसरीत गेला असता. मागचं अंगण मात्र उंचावर आहे, तिथे फक्त अर्धा फूट फरक. सहा फुटांत काम भागतं. म्हणून घर मागे वाढवायचं ठरलं.

मुलाच्या मनात मोठा हॉल होता. स्वयंपाकघर, जेवण, बैठक सगळं एकत्र. मला आधी भीती वाटली, की भिंती पाडल्या तर छप्पर कशावर राहील? पण आमच्या जुन्या घराचा भार सागवानी खांबांवर आणि आड्यांवर आहे. मधल्या भिंती नुसत्या कुडाच्या, बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेल्या. खांब ठेवले, कूड काढले. खुर्ची वळायला पाच फूट मोकळी जागा लागते, ती मिळाली. पश्चिमेच्या दीड हात जाड मातीच्या भिंतीला मी हात लावू दिला नाही. तिकडे काच घातली असती तर मे महिन्यात आम्ही घरात भाजलोच असतो. इथे पारा ४५ च्या वर जातो, ते पुण्याच्या मासिकातल्या फोटोंना काय माहीत? काच फक्त उत्तरेला, अंगणाकडे.

खरी लढाई उंबरठ्यावर झाली. सरकत्या दाराची ॲल्युमिनियमची चौकट इंचभर तरी वर येते. इंचभर! पण ह्यांचा एकच हात चालतो, त्या हाताने खुर्ची इंचभरही चढत नाही. मी म्हटलं, ट्रॅक फरशीत बुडवा. मिस्त्री म्हणाला, "मास्तरीनबाई, उंबरठा नाही तं पावसाचं पाणी घरातच येईन ना!" त्याचं चूक नव्हतं. उंबरठा पाणी अडवतो, साप-विंचू अडवतो. नरसिंहाने हिरण्यकश्यपूला मारायला तीच जागा निवडली, आत नाही आणि बाहेर नाही. सूनबाई वेगळ्याच काळजीत: हळदकुंकू कुठे वाहायचं? मी तिला सांगितलं, समोरच्या दाराचा उंबरठा जागेवर आहे, लक्ष्मी तिथून येईल. मागून तुझ्या सासऱ्यांना जाऊ दे.

शेवटी ट्रॅकखाली चर खोदली, तिच्यात पाण्याला बाहेर नेणारा पाइप टाकला आणि बाहेरच्या ओट्याला उतार दिला. ट्रॅक तीन: दोन काचेचे, तिसरा जाळीच्या पल्ल्याचा, कारण आमच्याकडचे डास साधे नाहीत, मलेरिया इथे घरोघरी माहीत आहे. काच टफन्ड, खुर्ची आपटली तरी सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत. पण ती भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, आणि दुकानदाराने एक पल्ला अर्धा इंच मोठा पाठवला. पंधरा दिवस दाराला ताडपत्री! शेजारी येऊन विचारून जायचे, "वाघ आला तर?" हा विनोद नाही, ब्रह्मपुरीच्या जंगलातले वाघ शेतापर्यंत येतात. बाहेरून चॅनल गेट बसवलं आहे, दिवेलागणीला ते बंद होतं.

काढलेल्या चौकटींचं सागवान विकायचा विषय निघाला होता. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आमच्या भागातलं सागवान बल्लारपूरहून वाजतगाजत गेलं, आणि आम्ही घरी ॲल्युमिनियम लावतोय, असं ह्यांनी अडखळत का होईना, बोलून दाखवलं. त्या चौकटींचा बाक केला. जांभळाखाली ठेवला आहे.

दिवाळीनंतर गावात मंडई झाली, रात्री नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटकाला पाहुणे येणारच. हॉलमध्ये बावीस जणांच्या सतरंज्या पसरल्या. पूर्वी ह्यांना भेटायला एकेक जण मागच्या खोलीत जायचा, दोन मिनिटं बसून उठायचा. यंदा ह्यांची खुर्ची मधोमध होती आणि नाटकातला खलनायक कसा पडला यावर वाद चालला होता. ह्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. सगळे थांबत होते.

आता सकाळी हे स्वतः दार सरकवतात. उजव्या हाताने, हळूहळू. मी चहा गाळत असते, दिसत असतं, पण जात नाही.

मिस्त्रीचं म्हणणं थोडं खरं ठरलं. पाऊस आडवा आला की चर भरते आणि हातभर पाणी आत सरकतं. तेव्हा ह्यांचं जुनं धोतर गुंडाळून ट्रॅकवर ठेवते.